सातवं करडू

"एक कमी आहे," बेगायिम म्हणाली.

बुरुलने मान वर केली नाही. पोरीला झोपवताना ती नेहमीच अर्धी पुस्तकात आणि अर्धी उद्याच्या कामात असायची. आज तर पुस्तक तिचं स्वतःचंच होतं. संध्याकाळीच छापखान्यातून आलेली पहिली प्रत, अजून शाईचा आणि डिंकाचा वास येणारी. एक उंटाचं पिल्लू, दोन शिंगरं, तीन वासरं, असं करत करत दहापर्यंत जाणारं. सगळी पिल्लं झोपायच्या वेळेला गोंगाट मांडतात, झोप त्यांच्यामागे धावून धावून रडकुंडीला येते, आणि शेवटच्या पानावर माणसांची दहा पोरं एका लांबलचक गादीवर आडवीतिडवी पसरून घोरत असतात. ओळी बुरुलच्या, चित्रं जुमादिल-अतांची, सगळेच ज्यांना अता, म्हणजे आजोबा, म्हणत त्या म्हाताऱ्या चित्रकाराची. सातव्या पानावर करडं होती, गोठ्याच्या मातीच्या छपरावर चढलेली, आणि त्या पानावर बुरुलचा विशेष जीव होता. वाचताना तिचा आवाज आपोआप मऊ झाला होता:

सात करडं चढली छपरावर,
झोप म्हणाली, 'उतरा लवकर.'
करडं म्हणती, 'में में में,
झोपे, तूच चढून ये.'
चढता चढता झोप दमली,
छपरावरच गाढ झोपली.

"आई, एक कमी आहे. सहाच आहेत."

"नीट मोज."

बेगायिमने पुन्हा मोजलं, एकेका करडाच्या पोटावर बोट दाबत, जणू दाबल्याशिवाय ते मोजलं जाणार नव्हतं. सहा. मग बुरुलने मोजलं. आधी डोळ्यांनी, मग तिनंही बोट टेकवून. सहा. तिला आश्चर्य वाटलं नाही, आणि आश्चर्य वाटलं नाही याचीच तिला भीती वाटली.

"एक गवताच्या गंजीमागे लपलंय," ती म्हणाली.

"मग दिसत का नाही?"

"लपलेलं दिसतं का कधी?"

पाच वर्षांच्या पोरीने यावर थोडा विचार केला, मग पान उलटून त्याची मागची बाजू बघितली. तिथे कुत्र्याची आठ पिल्लं चंद्रावर भुंकत होती. "इथे पण नाही," ती म्हणाली, आणि पांघरूण ओढून भिंतीकडे तोंड करून झोपली. मुलांना एखादी गोष्ट सोडून देणं किती सोपं जातं, असं वाटून बुरुलला तिचा हेवा वाटला. नवरा ट्रक घेऊन अल्माटीला गेला होता. घरात कुणाशी बोलावं असं कुणी नव्हतं, आणि असतं तरी ती बोलली असती असं नाही. पुस्तक मांडीवर तसंच उघडं ठेवून ती बसून राहिली. छपराचा उजवा कोपरा रिकामा होता. नुसतं आभाळ, जुमादिल-अतांचं ते निळं, ज्यात ते थोडी राख मिसळल्यासारखं काहीतरी मिसळायचे. त्या आभाळात एका जागी रंग जरासा सपाट होता. ज्याला माहीत असेल त्यालाच दिसावा इतकाच.

ती दुपार तिला आठवायला नको होती, म्हणून ती अगदी स्पष्ट आठवली. पानांची जुळणी करणारी बाई बाळंतपणाच्या रजेवर होती आणि शेवटची पानं बुरुल स्वतःच संगणकावर बसवत होती. उद्या सकाळी सगळं छापखान्यात जायचं होतं. सातव्या पानाच्या ओळी आधी चारच होत्या. शेवटच्या दोन तिला त्या सकाळी ट्रॉलीबसमध्ये उभ्या उभ्या सुचल्या होत्या, दांडीला धरलेला हात न सोडता, आणि उतरेपर्यंत त्या विसरू नयेत म्हणून ती ओठातल्या ओठात त्या म्हणत राहिली होती. झोपच दमून छपरावर झोपते. इतकी वर्षं प्रकाशनगृहात दुसऱ्यांच्या ओळी सरळ करण्यात घालवल्यावर आपल्याला असं काही सुचावं, याचा तिला शाळकरी मुलीसारखा आनंद झाला होता. पण चित्रात सहा ओळींना जागा नव्हती. मग तिने चित्र उजवीकडे सरकवलं. बोटभरच. उजवी कड पानाबाहेर गेली, आणि पानाच्या अगदी काठाशी एक तपकिरी ठिपका उरला. तो तिने रंग उचलून आभाळाने भरून टाकला.

तो ठिपका कान होता. हे तिला तेव्हा माहीत होतं का? इथे आली की तिची आठवण पाय रोवून उभी राहायची. कधी तिला वाटायचं, ब्रश झटकल्याचा डाग असेल असंच आपल्याला वाटलं होतं. घाई होती, डोळे दुखत होते. आणि कधी वाटायचं, आपण त्या ठिपक्याकडे क्षणभर बघितलं होतं. डागाकडे कुणी असं क्षणभर बघत नाही.

बेगायिमने करडं मोजली त्याच्या दुसऱ्या दिवशी बुरुल ऑफिसात गेली ती सांगायचं ठरवूनच. पण पुस्तकाचे गठ्ठे तोवर दुकानांकडे निघालेही होते. आणि प्रकाशनगृहाचे संचालक ताश्तान खुशीत होते. भल्यामोठ्या देहाचा, स्वतःच्या विनोदावर आधी स्वतः हसणारा हा माणूस त्या दिवशी सगळ्यांना मनुक्यांची पोळी वाटत होता. "बुरुल, तुझ्या करडांनी माझ्या सुनेला वेड लावलंय," ते म्हणाले, "काल स्वयंपाकघरात बसून 'झोप दमली, झोप दमली' करत होती." बुरुलने पोळीचा तुकडा घेतला आणि तो तोंडात असताना बोलता येत नाही म्हणून बोलली नाही. असे किती तुकडे नंतर तिने तोंडात धरले.

गोष्ट बाहेर आली ती एका बालवाडीतून. तिथल्या बाईंनी मुलांचा व्हिडिओ काढला होता. सगळी मुलं एका सुरात मोजतायत, सहापर्यंत येतायत, आणि मग एकदम कल्ला: सातवं कुठंय, सातवं कुठंय. बघता बघता अर्ध्या बिश्केकच्या फोनवर तो व्हिडिओ फिरला. लोकांनी खाली काय काय लिहिलं. कुणी म्हणालं, सातवं करडू परवाच्या लग्नात शिजलं. कुणी म्हणालं, आपल्या प्रकाशकांची शाळाच सहावीपर्यंतची. ताश्तानना स्वतःचे सोडून दुसऱ्यांचे विनोद आवडत नसत. त्यांनी जुमादिल-अतांना बोलावून घेतलं.

अता आले तेव्हा बाहेर पाऊस आणि बर्फ यांच्या मधलं काहीतरी पडत होतं. दाराशी त्यांनी फेल्टची टोपी झटकली, ओले बूट काढून भिंतीला टेकवून नीट जोडीने ठेवले आणि मोज्यांनीच आत आले. गेली तीस-पस्तीस वर्षं या देशातली पोरं ज्या चित्रांवर बोट ठेवून वाचायला शिकली, त्यातली निम्मी या माणसाच्या हातची होती. बुरुलही त्यातलीच. तिच्या पहिलीच्या पुस्तकातलं, पाठीवर लाकडं घेतलेलं गाढव अतांचं होतं, आणि त्या गाढवाच्या डोळ्यात इतका कंटाळा होता की वर्गात तिला हसू आवरायचं नाही.

"बसा, अता. चहा घ्या," ताश्तान म्हणाले. "आणि हे जरा मोजा."

अतांनी चष्मा बदलला. पेन्सिलीच्या बोथट टोकाने एकेक करडू मोजलं. पुन्हा मोजलं. मग पेन्सिल छपराच्या उजव्या कोपऱ्यावर, त्या रिकाम्या आभाळावर टेकली आणि तिथेच थांबली.

"होतं," ते म्हणाले. "इथे काढलं होतं मी. कडेला. पुढचे दोन पाय हवेत होते त्याचे."

"मग गेलं कुठे? चरायला?"

टेबलाभोवती कुणीतरी हसलं. वाईट हेतूने कुणी हसलं नव्हतं. अतांनी मान वर करून सगळ्यांकडे बघितलं आणि शेवटी बुरुलकडे. तिच्यावर त्यांची नजर थांबली. त्या नजरेत आरोप नव्हता. रस्त्यात एकदम गाव ओळखीचं वाटेनासं झालं की माणूस शेजारच्याकडे जसं बघतो, तसं ते बघत होते. त्यांच्या पाठीमागच्या कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात, मूळ चित्रांची फाईल होती.

"मूळ चित्र कुठाय, बुरुल?" ताश्तान म्हणाले.

"बघावं लागेल," बुरुल म्हणाली.

एवढंच ती बोलली. खोटं असं काही नव्हतंच त्यात. बघावं लागलंच असतं. पण ती उठली नाही. चहाची किटली तिच्यापुढे होती, ती उचलून तिने अतांच्या वाटीत चहा ओतला, पाहुण्याला ओततात तसा थोडाच, म्हणजे पुन्हा ओतता येतो. त्या चहा ओतण्याच्या वेळात उठता आलं असतं. अजून थोड्या वेळाने, अता टोपीची कड चाचपत बसले होते तेव्हाही उठता आलं असतं. आणि मग अताच बोलले.

"राहिलं असेल," ते म्हणाले. "वय झालं आता. डोक्यात काढलं असेल आणि कागदावर राहिलं असेल."

"असं होतं, अता," ताश्तान एकदम मऊ झाले. "माझे वडील तर गाडी कुठे लावली ते विसरायचे, आणि आमच्याकडे गाडीच नव्हती." सगळे हसले. अताही हसले. त्यांना द्यायचं ठरलेलं पक्ष्यांच्या पुस्तकाचं काम हिवाळ्यानंतर बघू, तोवर विश्रांती घ्या, असं ताश्तान त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, आणि त्याचा अर्थ खोलीतल्या सगळ्यांना कळला.

नंतर ताश्ताननी बुरुलला सांगितलं, अतांची मूळ चित्रं त्यांना परत नेऊन दे, म्हातारा माणूस, त्यांना बरं वाटेल. बुरुलने संध्याकाळी सगळे गेल्यावर फाईल काढली. सातवं पान तिने खिडकीशी धरलं. करडू तिथे होतंच. बाकीची सहा चंद्राकडे तोंड करून ओरडत होती. हे एकटं छपराच्या टोकाला, पुढचे दोन पाय हवेत टाकून, मान वळवून पानाच्या बाहेर बघत होतं, बघणाऱ्याकडे. एका कानावर चांदण्याची पिवळसर कड. बाकीची सहा चांगली होती, पण ती कुणीही चांगल्या हाताने काढली असती. हे एक काढण्यासाठी अतांनी ते पान रंगवलं असावं. बुरुलने ते पान वेगळं काढलं, दोन पुठ्ठ्यांमध्ये घातलं आणि घरी नेऊन कपाटात हिवाळ्याच्या रजयांखाली ठेवलं. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. एखादं काम हात आपणहून करतात आणि डोकं जरा मागून येतं, तसं झालं. मात्र रजई सारखी करून ती मागे येणाऱ्या डोक्याची वाट न बघता भराभर खोलीबाहेर गेली, हे तिच्या लक्षात राहिलं.

उरलेली फाईल घेऊन ती अतांकडे गेली. जुन्या वसाहतीतल्या चौथ्या मजल्यावरचं घर, जिन्यात कोळशाच्या धुराचा आणि उकडलेल्या मटणाचा वास. दार अतांच्या बायकोने उघडलं. उल्जान-अपा. ताठ कण्याची, शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. त्यांनी बुरुलच्या दोन्ही गालांना गाल लावला, तिच्या हातातला केकचा डबा घेत "कशाला गं हे" म्हणाल्या, आणि आत नेण्याआधी बोळातच थांबून हलक्या आवाजात बोलल्या.

"डॉक्टरकडे नेलं होतं त्यांना. कागदावर घड्याळ काढायला लावलं, ते तर काढलं सुंदर, त्यात एक चिमणीही बसवली. पण मग म्हणाले, शंभरातून सात वजा करा, मग त्यातून सात, करत जा. ते सातावरच अडकले, बाई. सात म्हटलं की गप्प. मला म्हणतात, सात कमी करायला लावू नकोस."

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"विसरण्याच्या आजाराची सुरुवात आहे म्हणाले. गोळ्या दिल्यात."

अता खिडकीपाशी बसले होते. समोरचं टेबल रिकामं होतं. त्या टेबलावर बुरुलने कधी ओंजळभर जागा मोकळी बघितली नव्हती. तिला बघून ते उठले, "ये, पोरी" म्हणाले, आणि फाईल घेऊन चित्रं एकेक करून उलटू लागले. मग हात थांबले.

"सातवं नाही यात."

"ते छापखान्यात राहिलंय," बुरुल म्हणाली. "आणते."

"नको. राहू दे तिकडेच." त्यांनी फाईल मिटली. "तुला एक सांगू का? मला ते दिसतं. डोळे मिटले की दिसतं. त्याच्या कानाला मी कुठला पिवळा लावला होता, तोही आठवतो. आधी भडक झाला म्हणून ओल्या कापसाने टिपला होता. एवढं सगळं आठवतं, पोरी. आणि कागदावर तर ते नाही. डॉक्टर म्हणाला, असंच होतं यात, न घडलेलं घडल्यासारखं वाटतं, आणि खऱ्याहून स्वच्छ वाटतं. म्हणजे मला जे जे स्वच्छ आठवतं, त्यातलं खरं कुठलं? माझी आई आठवते मला, दूध काढताना. ती तरी तशी होती का?"

बुरुल पुढे सरकली. तिला वाटलं, आता आपण बोलणार. तोंड उघडलंही असावं, कारण उल्जान-अपा मध्येच म्हणाल्या, "पुरे आता ते. पाहुणी आलीय, तिला खाऊ द्या काहीतरी," आणि तळलेल्या बोर्सोकांचं ताट, जर्दाळूचा मुरंबा, दुधाचा चहा, सगळं एकामागून एक टेबलावर आलं. बुरुलने खाल्लं. अता तिला आग्रह करत होते. जाताना त्यांनी उभं राहून, हात पसरून तिच्या मुलीला आशीर्वाद दिला.

त्यानंतरचे दिवस तिला नीट आठवत नाहीत. आठवतं ते एवढंच की ती सगळ्यांशी फार चांगली वागू लागली होती. दुकानदाराशी, सासूशी, ट्रॉलीबसमध्ये धक्का देणाऱ्यांशी. नवरा परत आला तेव्हा म्हणाला, "तुला बरं नाही का? ओरडत नाहीस." बेगायिम रोज तेच पुस्तक मागायची आणि सातव्या पानाशी आली की बुरुल दोन पानं एकदम उलटायची. मग बेगायिम तिचा हात बाजूला करून मागे यायची. पोरीने त्या करडाला नाव दिलं होतं, त्याचं घरही ठरवलं होतं, ते कधी नदीवर पाणी प्यायला गेलेलं असे, कधी बाजारात आजीसोबत. तेवढ्यात शेवटच्या दोन ओळी यायच्या आणि त्या ओळी चांगल्या आहेत हे बुरुलला दर वेळी कळायचं. तोच खरा त्रास होता. ओळी भिकार असत्या तर तिने स्वतःला बडवून घेतलं असतं आणि मोकळी झाली असती. पण झोप छपरावर गाढ झोपायची, बेगायिमचे डोळे मिटायचे, आणि कपाटात रजयांखाली ते जागं असायचं, पाय हवेत टाकून.

आणि मग पुस्तक खपायला लागलं. मुलांना त्या हरवलेल्या करडाचा खेळच मिळाला होता. बालवाड्यांमधून पोरं त्याची चित्रं काढून पाठवू लागली, निळी करडं, पंखवाली करडं, बूट घातलेली करडं. ताश्ताननी ती ऑफिसच्या भिंतीवर लावली. दुसरी आवृत्ती काढायची ठरलं.

"सातवं घालायचं नाही हं," ते म्हणाले. "अतांचं विसरणं आपल्याला पावलं."

त्या वाक्याने ते झालं. का त्याच वाक्याने, हे तिला सांगता आलं नसतं. ती उठली, त्यांच्या खोलीचं दार लावलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. दोन ओळी, बोटभर सरकवलेलं चित्र, ठिपका, रजया. सांगताना तिचा आवाज इतका साधा निघाला की तिलाच तो परका वाटला.

ताश्ताननी हातातल्या पेनाचं टोपण बंद केलं.

"अजून कुणाला सांगितलंस?"

"नाही."

"मग नको सांगू. आता काय उपयोग? पुस्तक चाललंय. म्हातारा शांत आहे, गोळ्या घेतोय. त्याला कशाला पुन्हा ढवळायचं?"

"ते शांत नाहीत, बायके," थोरल्या भावाला म्हणतात तसं ती म्हणाली.

"आपण सगळेच नाही," ते म्हणाले. मग जरा ओशाळून, "माझंही चुकलं. चरायला गेलं म्हणालो मी. घरी गेल्यावर लागलं मनाला. पण बुरुल, तुला जे करायचंय ते त्याच्यासाठी करतेयस की तुझी छाती हलकी व्हावी म्हणून, एवढं बघ." त्यांना हे बोलायचा अधिकार होता की नव्हता कोण जाणे, पण प्रश्न तिच्यासोबत घरी आला. रात्रीच्या जेवणात तिच्या शेजारी बसला. दोन्ही असेल, तिला वाटलं. दोन्ही असलं तर जायचं नाही का?

रविवारी सकाळी ती गेली. आभाळ उघडलं होतं आणि रस्त्याच्या टोकाशी डोंगर इतके जवळ आले होते की डोळ्यांना बोचत होते. दोन पुठ्ठ्यांमधलं चित्र तिने छातीशी धरलं होतं, कोटाच्या आत. उल्जान-अपांनी दार उघडलं, तिचा चेहरा बघितला आणि या वेळी बोळात न थांबता तिला सरळ आत नेलं.

अता त्याच खुर्चीत होते. दाढी नीट केलेली, स्वच्छ सदरा, कुणीतरी नीट घालून दिलेला. बुरुलने बसायच्या आत पुठ्ठा उघडला आणि चित्र टेबलावर ठेवलं.

"अता, ते होतं," ती म्हणाली. "तुम्ही काढलं होतं. मी कापलं. मला दोन ओळींना जागा हवी होती. आणि त्या दिवशी ऑफिसात हे कपाटात होतं, तुमच्या पाठीमागे. मला माहीत होतं."

अतांनी चष्मा बदलला नाही. ते वाकले, नाक जवळजवळ कागदाला लागेपर्यंत, आणि त्या कानाकडे बघत राहिले. मग करंगळीचं टोक त्याच्या कडेवरून फिरवलं, जिथे पिवळा ओल्या कापसाने टिपलेला होता.

"कुठल्या दोन ओळी?" त्यांनी विचारलं.

"अं?"

"ज्यांना जागा हवी होती त्या. म्हण ना."

बुरुलने म्हटल्या. 'गाढ' या शब्दावर आवाज फाटला. अतांनी डोळे मिटून ऐकल्या.

"चांगल्या आहेत," ते म्हणाले. "झोपच दमली. चांगलंय." थोड्या वेळाने म्हणाले, "मला फोन का नाही केलास, पोरी? मी आलो असतो. त्याला आत घेतलं असतं जरा, गंजीच्या अलीकडे. अर्ध्या तासाचं तर काम."

ते रागाने बोलले असते तर तिने खाली मान घातली असती. ते खरंच विचारत होते. एखादा कारागीर दुसऱ्याला विचारतो तसं, त्या अर्ध्या तासाकडे बघत, जो कुणीच खर्च केला नाही. तिने टेबलाच्या कडेला हात टेकले. फोन त्या दुपारी तिच्या कोपराशी पडला होता.

"उल्जान," अतांनी हाक मारली, "बघ. मी काढलं होतं." आणि मग त्यांचा चेहरा असा काही उजळला की बुरुलला तिकडे बघवेना. ते उठले, खोलीत इकडून तिकडे गेले, टेबलाचा खण ओढला, दुसरा ओढला. "ब्रश कुठायत माझे? तो बारीक कुठाय? उल्जान, आई पण तशीच होती मग. दूध काढताना. तशीच होती ती."

उल्जान-अपा दारातच उभ्या होत्या. त्यांनी चित्राकडे बघितलं, तिथूनच, जवळ न येता. मग बुरुलला म्हणाल्या, "चल, तुला खालपर्यंत सोडते," आणि चपला न बदलता, घरातल्या सपाताच घालून जिन्यात आल्या. दार त्यांनी मागे ओढून घेतलं, पण लावलं नाही.

"अपा, मला माफ—"

"थांब." त्यांनी कठड्याला धरलं. "ब्रश मी देऊन टाकले. समोरच्या शाळेत. रंगही. टेबल बघितलं की ते बेचैन व्हायचे. म्हटलं, नकोच समोर."

"मी नवीन आणते. आजच आणते."

"ते आणता येतील." बाईंचा आवाज वर्गात फळ्यावर गणित मांडणाऱ्या बाईसारखा सरळ होता. "मी तुला दुसरंच सांगतेय. ते रोज म्हणायचे, करडू होतं. आणि मी म्हणायचे, नव्हतं. डॉक्टर म्हणाला होता, त्यांना खोट्यात राहू देऊ नका, हळूहळू वस्तुस्थिती पटवा. मी शिक्षिका आहे, मला पटवता येतं. पुस्तक समोर धरायचे, मोजायला लावायचे. मोजा, म्हणायचे. पुन्हा मोजा. ते रडायचे कधी कधी. एकदा मी हात धरून त्यांचं बोट त्या आभाळावर ठेवलं, म्हटलं, दाखवा, कुठाय? शेवटी गेल्या आठवड्यात म्हणाले, नव्हतं, उल्जान, तू म्हणतेस तेच खरं. मी त्या दिवशी शांत झोपले."

आतून अतांची हाक आली. आवाजात तारुण्य होतं. "उल्जान, ये ना गं. कान बघ त्याचा."

उल्जान-अपा हलल्या नाहीत.

"तू आज आलीस ते बरं केलंस," त्या म्हणाल्या. "यायलाच हवं होतं. पण तू सांगून टाकलंस आणि चाललीस. मला आत जायचंय."

बुरुलने त्यांचा हात धरायला हात पुढे केला. तो हात कठड्यावरून निघाला नाही. मग ती एकटीच जिना उतरू लागली, कारण तिथे उभं राहणं त्यांना अजून जड झालं असतं असं तिला वाटलं. दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, कान देऊन. वर अतांनी पुन्हा हाक मारली, आनंदाने, थोड्या अधीरपणे. सपातांचा आवाज आला नाही. बुरुल कठड्याला धरून तशीच उभी राहिली, ना वर जाता येत होतं, ना खाली, आणि वर ती म्हातारी बाई तशीच उभी होती, आणि मधल्या मजल्यावर कुणाच्यातरी घरात दुपारच्या जेवणाच्या ताटल्या मांडल्या जात होत्या.